हिच्या हृदयाचा विसर्ग: सायकलवरच्या इकोचा अनुभव

सांगलीत विश्रामबागहून मिरजेकडे जाताना मुख्य रस्त्यालाच, पहिल्या मजल्यावर हे हृदय तपासणी केंद्र आहे. नाव लिहीत नाही. पुढे काही तक्रारी येतील, त्या मी त्यांच्या हातात लेखी दिल्या आहेत आणि सुधारायला त्यांना वेळ मिळावा असं मला वाटतं. पण तिथे माझ्या बायकोचं हृदय ज्या काळजीनं मोजलं गेलं, ते लिहून ठेवणं गरजेचं आहे. मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कृष्णा-वारणेचं पाणी मोजलं. मोजणी नीट केली की नुसती उरकली, एवढं मला कळतं.

ही छप्पन्न वर्षांची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबायला लागली, मग प्रत्येक वळणावर. भजनी मंडळात हिचा आवाज सगळ्यांच्या पुढे असायचा. अलीकडे अभंगाची ओळ मध्येच तोडून श्वास घ्यायची. ते माझ्याआधी शेजारच्या बायकांच्या लक्षात आलं. रात्री एक उशी पुरेना. विचारलं की म्हणायची, "अहो, वय झालं, वजन वाढलंय, दुसरं काय?"

डॉक्टरही तेच म्हणाले. एका ठिकाणी टूडी इको केला, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र काढतात तो. रिपोर्टवर ईएफ (हृदय दर ठोक्याला रक्त किती टक्के फेकतं तो आकडा) ६० टक्के, त्याखाली मायट्रल झडप, म्हणजे डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली, थोडी जाड असल्याची एक बारीक ओळ, आणि शेवटी 'नॉर्मल'. दुसऱ्या ठिकाणी टीएमटी केली, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती. चार मिनिटांत ही धापा टाकत उतरली. पण ईसीजीत ब्लॉकेजची खूण नव्हती, म्हणून तीही 'निगेटिव्ह'. हृदय उत्तम आहे, वजन उतरवा, टेन्शन घेऊ नका. हिनं वर्षभर रात्रीचा भात सोडला. चार किलो कमी झाली. दम होता तिथेच राहिला.

त्या वर्षाचं मला वाईट वाटतं, कारण प्रश्न मला विचारता आला असता. तीस वर्षं दुसऱ्यांना तोच विचारत होतो: पातळी सांगताय, विसर्ग किती, म्हणजे पाणी वाहतंय किती?

सांगलीकराला हे समजवायला नको. पावसाळ्यात आपण सकाळी उठलो की दोन आकडे विचारतो. आयर्विन पुलाला किती फूट, आणि कोयनेतून किती क्युसेक. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं ते कोण विसरेल! पण फूट म्हणजे नुसती उंची. त्या क्षणी पुलाखालून पाणी किती वाहतंय, ते फुटात कळत नाही. पुढे फुगवटा असेल, म्हणजे पाणी अडून मागे तुंबत असेल, तर पातळी तीच राहून प्रवाह निम्म्यावर आलेला असतो.

ईएफचं तसंच आहे. डाव्या खालच्या कप्प्यात जेवढं रक्त भरलं, त्यातलं किती टक्के बाहेर फेकलं, एवढंच तो आकडा सांगतो. कप्प्यात १२० मिलिलिटर भरलं आणि ६० टक्के फेकलं, तर ७२ मिली गेलं. कप्प्यात मुळात ७० मिलीच आलं, तर तेच ६० टक्के म्हणजे ४२ मिली. टक्का एकच, रिपोर्ट एकच, माणसाला मिळणारं रक्त निराळं. शरीराला टक्क्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला मिनिटाला लिटर लागतात. साधारण धडधाकट माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला पाचेक लिटर, आणि जोराच्या श्रमाला पंधरा-वीसपर्यंत. स्वस्थ असताना पाच लिटर तर पुष्कळ आजारी हृदयंही देतात. खरी परीक्षा मागणी वाढल्यावर.

हे सगळं सुचलं मिरजेतल्या एका फिजिशियन बाईंमुळे. त्यांनी हिला डाव्या कुशीवर वळवलं आणि स्टेथोस्कोप एका जागी ठेवून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "काकू, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" हिला आठवलं. जत तालुक्यातल्या माहेरी, अकरा वर्षांची असताना, आधी गुडघे, मग मनगटं, दोन महिने शाळा बुडली होती. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, मला हे ठाऊक नव्हतं. घशाच्या संसर्गानंतर येणारा तो ताप सांध्यांतून निघून जातो, पण झडपेवर व्रण ठेवतो, आणि झडप पुढे वर्षानुवर्षं आकसत जाते. बाई म्हणाल्या, "झोपवून काढलेला इको पुरेसा नाही. हृदय कामाला लावून मोजून घ्या." आणि या केंद्राची चिठ्ठी दिली.

आता केंद्राबद्दल. पहिली तक्रार लिफ्टची. धाप लागणारी माणसं जिथे येतात तिथली लिफ्ट बंद, आणि खाली नुसता कागद चिकटवलेला. बावीस पायऱ्या ही तीनदा थांबून चढली. वर बसायची जागा चांगली, पंखे चालू, प्यायचं पाणी ताजं. निम्मी माणसं कर्नाटकातल्या अथणी-रायबागकडची. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं, आणि सीमेपलीकडचा माणूस तेव्हापासून दवाखान्यासाठी इकडेच येतो. स्वागतकक्षातली मुलगी मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून मराठीत सहज ये-जा करत होती, एका म्हाताऱ्या आजोबांना तिनं तयारीचा कागद शब्द न् शब्द समजावून सांगितला. वेळ अकराची दिली होती, आत घेतलं पाऊण वाजता. याचं मला फार वाटलं नाही, आत गेल्यावर कारण कळलं: डॉक्टर एका पेशंटला चाळीस-पन्नास मिनिटं देतात.

दुसरी तक्रार बायकांच्या दृष्टीनं महत्त्वाची. ही साडी नेसून गेली होती. फोनवर कुणी सांगितलं नाही की सायकल मारायची आहे. त्यांच्याकडचा पायजमा पुरुषी मापाचा, नाडी तुटलेली. बदलायला पडदा आहे, पण तो पूर्ण सरकत नाही. जाणाऱ्या बायकांनी सलवार आणि पुढून उघडणारा सैल कुर्ता घालून जावं. तांत्रिक काम करणारी मुलगी मात्र समजूतदार होती. तिनं स्वतः पडदा धरून उभं राहून हिला कपडे बदलू दिले आणि तपासणीभर अंगावर चादर नीट राहील याची काळजी घेतली.

मी आत थांबू का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, थांबा, पण बोलू नका. हे मला आवडलं.

आधी स्वस्थ असतानाची मोजणी. पद्धत बघून मी खुर्चीत पुढे सरकलो, कारण ती आमचीच पद्धत होती. नदीचा विसर्ग काढताना आम्ही काय करायचो? छेदाचं क्षेत्रफळ काढायचं, पाण्याचा वेग काढायचा, गुणाकार करायचा. इथे नदीच्या जागी डाव्या कप्प्याच्या तोंडाशी असलेली वाट, महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, झडपेच्या किंचित अलीकडची. ती गोल धरतात. तिचा व्यास पडद्यावर मोजतात आणि क्षेत्रफळ काढतात. मग डॉपलरनं, म्हणजे ध्वनिलहरींनीच, तिथून जाणाऱ्या रक्ताचा वेग टिपतात. पडद्यावर प्रत्येक ठोक्याला एक त्रिकोणी डोंगर उमटतो. त्याची कड गिरवली की एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ किती सेंटिमीटर पुढे सरकला ते मिळतं. क्षेत्रफळ गुणिले ते अंतर, म्हणजे एका ठोक्याचं रक्त. त्याला मिनिटाच्या ठोक्यांनी गुणलं की विसर्ग.

गणित सोपं आहे, मोजणी अवघड. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून व्यासातली चूक दुपटीनं अंगावर येते. दोन सेंटिमीटरचा व्यास चुकून २.२ धरला तर क्षेत्रफळ ३.१४ वरून ३.८० चौरस सेंटिमीटर होतं. विसर्ग एकवीस टक्क्यांनी फुगला! दोन मिलिमीटरची चूक. नदीवर आम्ही वेग मोजायला करंट मीटर सोडायचो. पंख्यासारखं त्याचं चक्र प्रवाहाला समोरासमोर नसेल तर वेग कमी दाखवतं, तिरक्या प्रवाहाला कोनाची दुरुस्ती करावी लागते. डॉपलरच्या किरणाचंही नेमकं तेच: वीस अंश तिरका पडला तर सहा टक्के वेग हरवला.

या डॉक्टरांनी व्यास तीन वेळा मोजला, प्रत्येक वेळी चित्र नव्यानं पकडून. १.९, १.९, १.८. तिसरं चित्र नीट नाही म्हणून टाकून दिलं आणि चौथं घेतलं: १.९. वेगासाठी हात किती वेळ हलवत होते, ठोक्याचा आवाज स्वच्छ शिट्टीसारखा येईपर्यंत. तीन ठोक्यांची सरासरी घेतली. माझ्या नोकरीत असं काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

आकडे असे आले. क्षेत्रफळ २.८४ चौरस सेंटिमीटर, अंतर २०.५ सेंटिमीटर, एका ठोक्याला ५८ मिली. नाडी ७२. मिनिटाला ४.२ लिटर. हिची चण लहान, त्या मानानं ठीक. दिवसाचे सहा हजार लिटर होतात; आमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या सहा टाक्या. जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत मोठी झालेली ही बाई छातीत रोज सहा टाक्या पाणी उपसते आहे, हे मनात आलं आणि मी थोडा वेळ मान खाली घालून बसलो.

मायट्रल झडपेचं तोंड १.६ चौरस सेंटिमीटर. निरोगी माणसात चार ते सहा असतं. झडपेच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा सरासरी फरक ५ (बीपीचंच माप, मिलिमीटर पारा), फुफ्फुसाच्या धमनीतला अंदाजे दाब ३४. डॉक्टर एवढंच म्हणाले, "इथे थांबलो असतो तर मीही 'सौम्य ते मध्यम' लिहिलं असतं."

मग सायकल. ही घरच्या व्यायामाच्या सायकलसारखी नसते. पाठ टेकून अर्धवट आडवं व्हायचं, पॅडल पुढे, आणि सगळं टेबलच डावीकडे कलतं, म्हणजे हृदय बरगड्यांजवळ येऊन चित्र मिळतं. दंडाला बीपीचा पट्टा, छातीवर ईसीजीच्या तारा. टीएमटीत आणि यात मोठा फरक इथेच आहे. टीएमटी मुख्यतः ईसीजी बघते, रक्तवाहिन्यांच्या अडथळ्याची खूण शोधते. रक्त किती वाहिलं ते तिला दिसत नाही. पट्ट्यावर पळवून मग इको करतात, तेव्हा माणूस उतरून झोपेपर्यंत नाडी खाली यायला लागते. पूर ओसरल्यावर गेज (पातळीची पट्टी) वाचल्यासारखं. सायकलवर मात्र पाय चालू असतानाच मोजता येतं.

२५ वॅटपासून सुरुवात, तीन मिनिटांनी ५०. मुलगी मोजत होती, "काकू, पाय थांबवू नका, अजून एक मिनिट, छान चाललंय." दुसऱ्या टप्प्यात हिचा चेहरा बदलला. कपाळावर घाम, ओठ आवळलेले. मी उठलो तर डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. त्यांची नजर पडद्यावर होती पण दर अर्ध्या मिनिटाला विचारत होते, "छातीत दुखतंय? चक्कर?" ही मानेनंच नाही म्हणायची. शेवटी म्हणाली, "बास, श्वास पुरेना." लगेच भार काढला, टेबल सरळ केलं, मुलीनं पाठीवर हात ठेवला.

पाय चालू असतानाचे आकडे: नाडी १२८. अंतर २०.५ वरून १७.६ सेंटिमीटरवर उतरलं. एका ठोक्याला ५० मिली. नाडी जवळजवळ पावणेदोनपट झाली, पण विसर्ग ४.२ वरून फक्त ६.४ लिटर. तेवढ्या श्रमाला नऊच्या आसपास हवा होता. झडपेवरचा दाबाचा फरक ५ वरून १७, फुफ्फुसातला दाब ३४ वरून ६४.

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि पंधरा मिनिटं समजावलं. नाडी ७२ असताना एका ठोक्याची फेरी ०.८३ सेकंदाची, १२८ ला ०.४७ सेकंदाची. आणि वेळ कापला जातो तो मुख्यतः कप्पा भरण्याचा, म्हणजे मायट्रल झडप उघडी असण्याचा. निरोगी झडपेचं तोंड मोठं, थोड्या वेळातही भरून जातं. हिचं तोंड लहान, आणि दार उघडं राहण्याची वेळही आखडली. म्हणून जेवढी धडधड वाढते तेवढा प्रत्येक ठोका रिकामा होत जातो. मी म्हणालो, म्हणजे वरच्या बाजूला फुगवटा. ते म्हणाले, "बरोबर, फुगवटाच." हरिपूरला संगमावर बघतो ना आपण, कृष्णा भरून असली की वारणेचं पाणी अडून मागे शेतांत पसरतं, वारणेचा त्यात काही दोष नसतो. हिच्या फुफ्फुसांत ते रक्त पसरत होतं. दोन वर्षं दम लागत होता तो हा. वय नव्हे, वजन नव्हे, टेन्शन तर नव्हेच.

ही पलंगावर बसून ऐकत होती. एकदम म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते." आम्ही कुणी तिला खोटारडी म्हटलं नव्हतं, तरी तिला तसं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "नाही काकू. हे आकडे तुमच्या बाजूचे आहेत." एवढ्यासाठी मी या केंद्राला कितीही गुण देईन.

निघताना मी न राहवून विचारलं, खडकाळ ओढ्यावर मीटर चालत नाही तिथे पाण्यात मीठ सोडून पुढे किती पातळ झालं त्यावरून विसर्ग काढतात, तसं रक्तात करता येत नाही का? ते हसले, म्हणाले, तसंच सुरू झालं. स्ट्युअर्ट नावाच्या शास्त्रज्ञानं १८९७ मध्ये शिरेत मिठाचं पाणी सोडून हृदयाचा विसर्ग काढला होता. पुढे मिठाऐवजी थंड पाणी आलं, १९७० मध्ये टोकाला फुगा असलेली स्वान-गान्झ नळी आली. आणि त्याहून आधी, १८७० मध्ये फिक यांनी हिशेब मांडला: शरीरानं मिनिटाला २५० मिली प्राणवायू वापरला, आणि प्रत्येक लिटर रक्तानं जाताना २०० मिली नेला, परत येताना १५० आणला, म्हणजे लिटरमागे ५० मिली उतरला, तर रक्त पाच लिटर फिरलं असणार. या दोन्ही पद्धतींत हृदयापर्यंत नळी घालावी लागते. इकोतले आकडे आणि पेशंटची तक्रार जुळत नसेल तेव्हाच त्या वाटेला जायचं. हिचे आकडे आणि तक्रार जुळत होती.

रिपोर्टबद्दल एक तक्रार राहिली. छापून आलेल्या कागदावर ईएफ ठळक, झडपेचे आकडे व्यवस्थित, पण एका ठोक्याचं रक्त आणि मिनिटाचे लिटर नाहीत. यंत्रात ते रकाने आपोआप छापत नाहीत म्हणे. मी मागितल्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं चारही ओळी लिहून सही केली, व्यासासकट. तुम्हीही मागून घ्या. व्यास लिहिलेला असेल तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी मोजलं तरी तुलना करता येते. व्यास नसेल तर दोन वर्षांचे विसर्ग शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

आम्हाला साडेतीन हजार रुपये पडले, पक्की पावती मिळाली. जाण्याआधी तीन तास जेवण नको. नाडी कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना आधी विचारा, आपल्या मनानं थांबवू नका, एकदम बंद करणं धोक्याचं असतं. गाडी लावायला समोर जागा नाही. आमचा मुलगा रिक्षानं न्यायला आला, येताना त्यानं आणि मी हिला खुर्चीत बसवून त्या बावीस पायऱ्या उतरवल्या. ती रागावली, पण उतरली.

सध्या नाडी संथ ठेवायची गोळी सुरू केली आहे, दार जास्त वेळ उघडं राहावं म्हणून. पुढच्या महिन्यात अन्ननलिकेतून इको आहे. डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी नाही ना ते बघायचं, आणि झडपेची ठेवण योग्य असेल तर मांडीतून नळी घालून फुग्यानं ती उघडतील. छाती उघडावी लागणार नाही. रोज सकाळी आठला, आमची गेज वाचायची वेळ तीच, मी हिची नाडी मोजून वहीत लिहितो. आज ६४. काल संध्याकाळी मंडळात जाऊन बसून आली, गायली नाही, नुसते टाळ वाजवले म्हणाली. फुग्यानंतर याच केंद्रात, याच सायकलवर, ५० वॅटलाच पुन्हा मोजणार आहोत. तोवर लिफ्ट सुरू झाली का तेही बघेन. दोन्ही आकडे इथेच खाली जोडीन.